नाण्यावरची माती

(नभोवाणीवरील भाषण)

लहानपणीं आमच्या घरीं दर शनिवारीं तांब्यापितळेचीं भांडीं अंगणांत मांडून चिंचेनें व राखेनें घांसण्याचा परिपाठ असे. काळवंडलेली घागर पांच मिनिटांत सोन्यासारखी झळकूं लागे, आणि त्या झळाळींत घराची अब्रू आहे असें माझी आई मानीत असे. हें आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, माझ्या हातून घडलेला एक अपराध याच संस्काराचें फळ आहे. मी कॉलेजांत असतांना माझे एक मामा विलायतेहून परत आले. मला इतिहासाची गोडी आहे हें त्यांना ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं माझ्यासाठीं एका कागदाच्या पुडींत बारा लहान लहान, मातीनें लडबडलेल्या चकत्या आणल्या होत्या. हीं रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळांतील तांब्याचीं नाणीं असून तिकडे तीं न धुतलेल्या स्थितींत मुठीमुठीनें विकत मिळतात, असें ते म्हणाले. मामांची पाठ वळतांच मीं त्यांतलें सर्वांत मोठें नाणें उचललें, स्वयंपाकघरांतून चिंचेचा गोळा आणला, चिमूटभर मीठ घेतलें आणि मोरींत बसून घांसावयास आरंभ केला. अर्ध्या तासांत नाणें लखलखूं लागलें. मात्र त्यावर कांहींही उरलें नव्हतें. राजाचा चेहरा नव्हता, मागची आकृति नव्हती, एक अक्षरहि नव्हतें. सोळाशें वर्षें मातीनें सांभाळून ठेवलेला एक चेहरा मीं अर्ध्या तासांत मोरीच्या पाण्याबरोबर वाहून घालविला होता.

तें गुळगुळीत नाणें अद्यापि माझ्या टेबलावर आहे. पुढें या छंदांत मी जें कांहीं शिकलों, त्याचा पहिला धडा त्या नाण्यानें दिला. प्राचीन ग्रीक व रोमन नाणीं साफ करणें आणि ओळखणें हा घरबसल्या करतां येण्यासारखा, थोड्या खर्चाचा व अपार आनंदाचा छंद आहे; परंतु त्यांत एक जबाबदारी आहे, आणि ती कोणती हेंच आज मला आपणांस सांगावयाचें आहे.

जुन्या नाण्यांचा नाद कांहीं अलीकडचा नाहीं. रोमचा पहिला सम्राट् ऑगस्टस हा सणाच्या दिवशीं आपल्या मित्रांना ज्या भेटी देई, त्यांत पूर्वींच्या राजांचीं व परदेशचीं नाणीं असत, असें त्याचा चरित्रकार सुएटोनियस यानें लिहून ठेवलें आहे. म्हणजे ज्यांचीं नाणीं आज आपण जमवितों, ते रोमन लोक स्वतःच त्यांच्यापूर्वींचीं नाणीं जमवीत होते. इटालियन कवि पेट्रार्क यालाहि हा नाद होता. इ. स. १३५४ मध्यें मांटुआ येथें सम्राट् चौथा चार्ल्स याची भेट झाली, तेव्हां त्यानें रोमन सम्राटांच्या मुद्रा असलेलीं सोन्यारुप्याचीं कांहीं नाणीं त्याला नजर केलीं आणि ज्यांची गादी आपण चालवितों त्यांचे गुणहि घ्यावे, असा उपदेश केला. पुढें व्हिएन्ना येथील राजसंग्रहाचा प्रमुख योसेफ एकेल यानें १७९२ ते १७९८ या काळांत आठ खंडांचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रीक नाणीं शहरांच्या व प्रदेशांच्या क्रमानें आणि रोमन सम्राटांचीं नाणीं काळाच्या क्रमानें मांडण्याची त्याची पद्धति आजहि मूलतः चालू आहे. छंदाचें शास्त्र झालें तें तेथपासून.

परंतु या सर्व थोर पुरुषांचें लक्ष नाण्यावरील चित्राकडे व अक्षरांकडे होतें. त्यावरची माती व गंज म्हणजे केवळ मळ. तो काढून टाकला कीं खरें नाणें हातीं आलें, अशीच समजूत दीर्घकाळ होती. ही समजूत चुकीची कां, हें कळण्यासाठीं नाणें जमिनींत पडल्यावर त्याचें काय होतें तें पाहिलें पाहिजे.

सोन्याचें नाणें दोन हजार वर्षांनंतरहि जवळजवळ जसेंच्या तसें बाहेर येतें. तांब्याचें व काशाचें तसें नाहीं. मातींतील ओलावा, हवा आणि क्षार हे त्याच्या पृष्ठभागावर हळूहळू काम करूं लागतात. धातूच्या लगत तांबड्या रंगाचा एक थर तयार होतो. तो तांब्याच्या ऑक्साइडाचा. त्यावर हिरवा थर चढतो; तो कार्बोनेटाचा. त्याच्याहि वर माती व वाळूचे कण चिकटून दगडासारखे घट्ट होतात. या हिरव्या-तांबड्या थराला आपल्याकडे कळंक म्हणतात. पाश्चात्य संग्राहक त्याला पॅटिना असें नांव देतात. आतां यांतील मर्माची गोष्ट अशी कीं, हा थर धातूवर बाहेरून लेप दिल्यासारखा बसलेला नसतो, तर धातूचाच वरचा भाग पालटून तो झालेला असतो. म्हणून ज्या पृष्ठभागावर टांकसाळींत ठसा उमटला, तो पृष्ठभाग पुष्कळदां धातूंत राहिलेलाच नसतो. तो त्या कळंकांत असतो. राजाचें नाक, कपाळावरील पट्टी, भोंवतालचीं अक्षरें हीं सर्व त्या केसाइतक्या पातळ थरांत जपलेलीं असतात. चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर यांतील आम्लाला हा भेद कळत नाहीं. तें माती, कळंक व चेहरा हीं तिन्ही सारख्याच निष्ठेनें खाऊन टाकतें आणि खालीं उरलेला कुरतडलेला धातु आपल्या हातांत ठेवतें. माझ्या आईच्या घागरीवर कोणाचाहि चेहरा नव्हता, म्हणून तिला चिंच मानवली. नाण्याला मानवली नाहीं.

या बाबतींत मोठमोठे तज्ज्ञहि चुकत शिकले आहेत. १८८८ सालीं बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांत फ्रीड्रिख राथगेन या रसायनज्ञाची नेमणूक झाली आणि पुराणवस्तूंच्या रक्षणाचा विचार प्रयोगशाळेंत होऊं लागला. १८९८ मध्यें या विषयावरील त्याचा ग्रंथहि प्रसिद्ध झाला. परंतु त्या काळीं विजेच्या साहाय्यानें गंज काढण्याच्या ज्या पद्धति वापरीत, त्यांत कळंक साफ निघून जाई. पुढील पिढ्यांना तें पटलें नाहीं. ‘किती काढतां येईल’ हा प्रश्न मागें पडून ‘किती ठेवतां येईल’ हा प्रश्न पुढें आला. आज कांहीं हौशी लोक घरीं विजेची बारीकशी तार जोडून तोच जुना प्रयोग करतात. त्यांच्या नाण्यांची गत माझ्या नाण्याहून निराळी होत नाहीं.

मग साफ करावें तरी कसें? प्रथम कांहींच करूं नये. नाणें बारीक तराजूवर तोलावें, त्याचा व्यास मोजावा, दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं आणि तें कोणाकडून व कोठून आलें हें वहींत टिपून ठेवावें. नंतर तें ऊर्ध्वपातित पाण्यांत भिजत घालावें. नळाच्या पाण्यांत क्लोरीन व क्षार असतात, म्हणून तें वर्ज्य. पाणी गढूळ झालें कीं बदलावें. हें काम दिवसांचें नव्हे, आठवड्यांचें आहे. कधीं कधीं महिन्यांचेंहि. माती मऊ झाली म्हणजे बांबूची टोंकदार काडी घ्यावी. बांबूच कां, तर तो मातीहून कठीण पण कळंकाहून मऊ असतो; चूक झाली तर काडी झिजते, नाणें झिजत नाहीं. लोखंडी सुई ही सूक्ष्मदर्शकाखालीं काम करणाऱ्या सरावलेल्या हातासाठीं आहे. दहापट मोठें दाखविणारें भिंग डोळ्याला लावून, एका वेळीं तीळभर जागा, अशा बेतानें काम करावें. ऑलिव्हच्या तेलांत नाणें महिनोन् महिने बुडवून ठेवण्याची चाल पुष्कळ हौशी मंडळींत आहे. तें सौम्य वाटतें खरें, परंतु त्या तेलांतहि आम्ल असतें आणि नाण्याच्या छिद्रांत मुरलेलें तेल पुढें निघतां निघत नाहीं. रुप्याच्या नाण्यावर तर बोटानेंहि जोर देऊं नये, कारण दीर्घकाळ जमिनींत राहिलेलें रुपें ठिसूळ होतें व सुक्या पानासारखें मोडतें. आणि एखाद्या जागीं मातीचा थर खालच्या कळंकाहून कठीण लागला, तर काडी खालीं ठेवावी. या छंदांतील सर्वांत अवघड कसब कोणतें असेल, तर तें थांबण्याचें.

नाणें साफ झालें म्हणजे काळजी संपली असें मात्र नाहीं. काशाच्या नाण्यांना एक रोग होतो. जमिनींतील मिठाचा अंश क्लोराइडाच्या रूपानें धातूजवळ दबून राहिलेला असतो. त्याला ओल व प्राणवायु मिळाला कीं फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उमटूं लागतात. या क्रियेंत निर्माण होणारें हायड्रोक्लोरिक आम्ल उरलेल्या तांब्याला लागतें, त्यांतून पुन्हां क्लोराइड तयार होतें, आणि हें चक्र धातु शिल्लक असेपर्यंत फिरत राहतें. बोटानें टिपली असतां निघून येणारी ही फिकी भुकटी आणि टणक, गडद, गुळगुळीत कळंक यांतील भेद प्रत्येक हौशी माणसाला ओळखतां आला पाहिजे. एक रोग आहे, दुसरें कवच आहे. हवेंतील आर्द्रता शेंकडा चाळिसांच्या खालीं ठेवली तर रोग निद्रिस्त राहतो. आतां मुंबईच्या किंवा कोंकणांतील आषाढाची ज्यांना कल्पना आहे, त्यांना हें किती कठीण तें सांगावयास नकोच. घट्ट झांकणाच्या डब्यांत ओल शोषून घेणारे सिलिका जेलचे खडे घालणें आणि ते वेळोवेळीं तापवून कोरडे करणें, एवढेंच आपल्या हातीं आहे. रोगी नाणें मात्र इतरांपासून दूर ठेवून जाणत्या माणसाला दाखवावें.

आतां ओळखण्याकडे वळूं. कारण या साऱ्या खटाटोपाचें फळ तेथेंच मिळतें. रोमन नाणें हें एका परीनें सरकारी कागदच आहे. दर्शनी बाजूस सम्राटाचें मस्तक व भोंवतीं त्याचें नांव आणि पदव्या अशा संक्षेपानें कोरलेल्या असतात कीं पहिल्यानें तो गूढ मंत्रच वाटावा. परंतु दहा-पंधरा संक्षेप पाठ झाले कीं मंत्र उलगडतो. ‘इम्प’ म्हणजे इंपरेटर, ‘ऑग’ म्हणजे ऑगस्टस, ‘टी आर पी’ म्हणजे ट्रिब्यूनचा अधिकार. हा शेवटचा अधिकार सम्राट् वर्षावर्षाला नव्यानें धारण करी. म्हणून त्यापुढील आंकडा वाचतां आला तर नाण्याचें वर्षच हातीं येतें. डोक्यावर पानांचा हार आहे कीं सूर्यकिरणांसारखा मुकुट आहे, हेंहि पाहावें. तसला मुकुट पुष्कळ नाण्यांवर दुप्पट किंमतीची खूण म्हणून येतो. तिसऱ्या शतकाच्या अखेरीपासून मागच्या बाजूस, आकृतीच्या पायाखालच्या रेषेखालीं, टांकसाळीचीं अक्षरें नेमानें दिसूं लागतात. ट्रियर, सिस्किया, थेसालोनिका, निकोमीडिया, अँटिओक, अलेक्झांड्रिया: दोन-चार अक्षरांवरून नाणें पडलें तें शहर सांगतां येतें. १९२३ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या ‘रोमन इंपीरियल कॉइनेज’ या ग्रंथमालेंत अशा नाण्यांची नोंद क्रमवार केलेली आहे, आणि आतां तर मोठमोठ्या संग्रहालयांच्या याद्याहि घरबसल्या चाळतां येतात.

एक उदाहरण सांगतों. कॉन्स्टंटाइन सम्राटाच्या अखेरच्या काळांतील एका लहानशा तांब्याच्या नाण्याच्या मागच्या बाजूस दोन शिपाई समोरासमोर उभे असून भोंवतीं ‘सैन्याचें वैभव’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द असतात. इ. स. ३३० पासून ३३५ पर्यंत या शिपायांच्या मध्यें दोन ध्वज दाखवीत. ३३५ नंतर एकच ध्वज दाखवूं लागले, आणि नाण्याचें वजनहि सुमारें अडीच ग्रॅमवरून दीड-पावणेदोन ग्रॅमपर्यंत उतरलें. म्हणजे नखाएवढ्या नाण्यावरील एका काडीवरून काळ ठरतो, आणि साम्राज्याचा खजिना तांब्याची काटकसर करूं लागला होता हेंहि कळतें. ती काडी जर साफ करणाऱ्याच्या हातून खरवडली गेली, तर दोन ध्वजांचें नाणें एका ध्वजाचें होतें आणि इतिहासांत एक लहानशी खोटी साक्ष नोंदली जाते. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांतील नाण्यांचीहि हीच कथा आहे. त्या काळीं रोमचें रुप्याचें नाणें इतकें खालावलें कीं त्यांत शेंकडा दोन-तीन भागच रुपें उरलें, आणि आंतलें तांबें झांकण्यासाठीं वर रुप्याचा पातळ मुलामा देण्यांत येऊं लागला. अशा नाण्यास लिंबू लावलें कीं तो मुलामा जातो; आणि सरकार आपल्या प्रजेला काय भासवूं पाहत होतें, याचा पुरावाहि त्याबरोबर जातो.

ग्रीक नाण्यांची तऱ्हा निराळी. त्यांतील बहुतेकांवर वर्ष नसतें आणि प्राचीन काळच्या नाण्यांवर राजाचें मस्तकहि क्वचितच असतें. तेथें शहर बोलतें. अथेन्सचें घुबड, कॉरिंथचा पंख असलेला घोडा, एजिना बेटाचें कासव हीं चिन्हें त्या काळच्या व्यापाऱ्याला दुरून ओळखूं येत. कित्येक शहरांनीं तर आपल्या नांवावर कोटी केली आहे. ऱ्होड्सच्या नाण्यावर गुलाब असतो, कारण ग्रीक भाषेंत गुलाबाला ‘ऱ्होडॉन’ म्हणत. फोकीआच्या नाण्यावर सील हा समुद्रप्राणी असतो, कारण त्याचें नांव ‘फोके’. ज्याला अक्षर येत नसे तोहि हें चित्र वाचूं शके. चित्रानंतर वजन. अथेन्सचें चार द्राख्म्यांचें नाणें सुमारें १७.२ ग्रॅम, कॉरिंथचें मोठें नाणें सुमारें साडेआठ ग्रॅम. वजन फार कमीअधिक भरलें तर शंका घ्यावी.

शंका घेण्याला कारणहि आहे. जर्मनींतील कार्ल व्हिल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) यानें स्वतः कोरलेल्या ठशांनीं ग्रीक व रोमन नाण्यांच्या इतक्या हुबेहूब नकला पाडल्या कीं भलेभले संग्राहक फसले. नवें नाणें जुनें दिसावें म्हणून लोखंडाचा कीस भरलेल्या पेटींत तीं नाणीं घालून ती पेटी तो आपल्या घोडागाडीला बांधी व फिरावयास जाई, असें सांगतात. गाडीच्या हिसक्यांनीं नाण्याची धार बोथट होई. वर्षांची झीज त्याला मैलांत साधतां आली. परंतु शतकांचा कळंक व मातीचें कवच साधणें इतकें सोपें नाहीं. म्हणूनच त्या मातीला साक्षीदाराची योग्यता आहे.

ही साक्ष किती मोलाची असूं शकते, याचें एक अलीकडचें उदाहरण आहे. १७१३ सालीं ट्रान्सिल्व्हानियांत सांपडल्याचें म्हणून कांहीं सोन्याचीं नाणीं नोंदलीं गेलीं. त्यांतल्या एका जातीवर ‘स्पोन्सियानस’ असें सम्राटाचें नांव होतें. या नांवाचा सम्राट् कोणत्याहि प्राचीन ग्रंथांत नाहीं. नाण्यांची घडणहि ओबडधोबड. तेव्हां एकोणिसाव्या शतकांतील नाणकशास्त्रज्ञांनीं हीं सर्व नाणीं बनावट ठरवून टाकलीं. त्यांपैकीं एक ग्लासगो येथील हंटेरियन संग्रहालयांत पडून होतें. २०२२ सालीं ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं तें सूक्ष्मदर्शकाखालीं घेतलें. नाण्यावर त्यांना वापरांत पडणाऱ्या झिजेसारख्या बारीक रेघोट्या दिसल्या, आणि त्या रेघोट्यांवर जमिनींतील खनिजांचे, दीर्घकाळ गाडलें गेल्यासारखे, घट्ट जमलेले कण दिसले. नाणें खरें असावें आणि हा स्पोन्सियानस तिसऱ्या शतकांत डेशिया प्रांतांत एकाकी पडलेल्या सैन्याचा नायक असावा, असें मत त्यांनीं मांडलें. अनेक नाणकशास्त्रज्ञांना तें मान्य नाहीं. ठशाची अक्षरें व घडण पाहतां नाणें खोटेंच आहे असें ते म्हणतात. वाद चालू आहे. परंतु श्रोतेहो, हा वाद शक्य झाला तो कशामुळें? मध्यंतरींच्या तीनशें वर्षांत कोणीं तें नाणें घांसून स्वच्छ केलें नाहीं म्हणून. एका माणसाला इतिहासांत जागा आहे कीं नाहीं, हा प्रश्न मातीच्या कांहीं कणांवर येऊन ठेपला आहे.

एका नाण्याची माती जर इतकें बोलते, तर ज्या जागीं नाणीं सांपडतात ती जागा किती बोलत असेल! २०१० सालीं इंग्लंडांत सॉमरसेट परगण्यांतील फ्रोम गांवाजवळ एका हौशी शोधकाला शेतांत एक मोठें मडकें लागलें. त्यांत नाणीं आहेत हें कळतांच त्यानें खणणें थांबविलें आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावलें. त्यांनीं मडकें थराथरानें रिकामें केलें. आंत ५२,५०३ रोमन नाणीं निघालीं. त्यांत सर्वांत उशिराच्या काळचीं, म्हणजे कराउसियस या बंडखोर सम्राटाचीं नाणीं मडक्याच्या वरच्या भागांत असावींत अशी कोणाचीहि अपेक्षा. प्रत्यक्षांत त्यांतील बहुतेक मध्याच्या खालीं सांपडलीं. यावरून उघड झालें कीं ही कोणा कंजुषाची वर्षानुवर्षांची पुंजी नव्हे; मडकें एकाच वेळीं भरलेलें आहे. एवढें मोठें, जड मडकें जमिनींत बसवून मग भरलेलें असल्यानें हें कदाचित् देवतेला केलेलें अर्पण असेल, असेंहि कांहीं विद्वानांना वाटतें. त्या शोधकानें मोहाला बळी पडून नाणीं उपसलीं असतीं, तर बावन्न हजार नाणीं हातीं आलीं असतीं, पण ही गोष्ट हातीं आली नसती.

ग्रीक व रोमन नाण्यांचा आपल्या भूमीशीं संबंध काय, असा प्रश्न कोणाच्या मनांत आला असेल. संबंध जुना आहे. ‘पेरिप्लस’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत भडोच येथें अपोलोडोटस व मिनँडर यांच्या ग्रीक अक्षरांच्या जुन्या नाण्यांचा चलनांत उपयोग होत असल्याचा उल्लेख आहे. अशाच यवन राजांच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस भारतीय लिपि असे. तीं शेजारीं ठेवून वाचतांवाचतां लासेन व प्रिन्सेप यांना १८३६–३७ च्या सुमारास आपल्या विसरलेल्या प्राचीन लिपींचीं अक्षरें लागत गेलीं. यांतील प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळींत धातूची कसोटी घेणारा अधिकारी होता. पुदुकोट्टई संस्थानांत १८९८ सालीं पांचशें एक रोमन सोन्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं बहुतेकांवर सम्राटाच्या मस्तकावर छिन्नीचा घाव घातलेला आहे. तो घाव कां घातला याविषयीं मतभेद आहेत, पण तो दोष समजून कोणीं बुजविला असता तर मतभेदालाहि जागा राहिली नसती.

आणि नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ सालीं तेरा हजारांहून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. तीं क्षहरात राजा नहपान याचीं. त्यांच्या दर्शनी बाजूस राजाचें मस्तक असून भोंवतीं अक्षरें ग्रीक आहेत. भाषा मात्र प्राकृत आहे. यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला आहे. नीट पाहिलें तर त्याच्या चैत्याच्या कमानींखालून नहपानाचें नाक किंवा एखादें ग्रीक अक्षर डोकावतें. क्षहरातांचा उच्छेद केल्याची जी गोष्ट नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख अभिमानानें सांगतो, तिचा पुरावा या नाण्यांवर हातांत धरतां येतो. जिंकलेला व हरलेला असे दोघेहि एकाच नाण्यावर नांदत आहेत. कोणी उत्साही माणसानें हीं नाणीं घांसून उजळ केलीं असतीं, तर पहिला मिटला असता तो हरलेला राजा.

म्हणून माझें सांगणें एवढेंच कीं, ज्यांना हा छंद लागेल त्यांनीं तो अवश्य जोपासावा, पण नाण्याचा मालक म्हणून नव्हे, तर कांहीं काळापुरता राखणदार म्हणून. ज्याचा उगम सांगतां येत नाहीं असें नाणें स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. तें कोणा तरी देशाच्या भूमींतून चोरून उपसलेलें असण्याचा संभव असतो. आपल्याकडे जमिनींत निधि सांपडला तर १८७८ च्या निधिविषयक कायद्याप्रमाणें तो सरकारास कळवावा लागतो, आणि १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्यानें अशा वस्तु खाजगी रीतीनें परदेशीं पाठविण्यास बंदी आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, जागेवरून उचललेलें अनाम नाणें हें नांवगांव नसलेल्या पत्रासारखें असतें. अक्षर सुंदर असेल, पण तें कोणीं कोणाला लिहिलें हें कळण्याचा मार्ग उरत नाहीं.

मामांनीं आणलेल्या बारा नाण्यांपैकीं एकाची गत मीं सांगितली. उरलेल्या अकरांपैकीं दहा मीं कित्येक वर्षांत, काडीकाडीनें साफ केलीं व ओळखलीं. अकराव्यावर ते दोन शिपाई आहेत. डावा शिपाई स्पष्ट दिसतो. त्याच्या हातांतील भाला व ढालहि दिसते. मध्यें मात्र मातीची एक गांठ आहे, आणि ती खालच्या कळंकाहून कठीण आहे. तिच्याखालीं एक ध्वज आहे कीं दोन, हें मला ठाऊक नाहीं. वजनावरून मी अंदाज करूं शकतों. पण नाणें कांठाला झिजलें आहे, म्हणून त्या अंदाजावर मी विसंबत नाहीं. मडक्यांत चिकटून बसलेलीं नाणीं न उघडतां क्ष-किरणांनीं वाचण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत. उद्यां एखाद्या माझ्याहून स्थिर हाताला, किंवा हात न लावतां पाहणाऱ्या यंत्राला, ती गांठ न फोडतां उत्तर मिळेल. तोंवर दर पावसाळ्यापूर्वीं मी त्याच्या डब्यांतील खडे तापवून कोरडे करतों, भिंगांतून ती गांठ एकदां पाहतों, आणि झांकण पुन्हां लावतों.